शून्यावा भाग

उदगीरच्या चौबाऱ्यापासून दोन गल्ल्या आत
खलीलभाईंच्या दुकानात तासाला पंधरा रुपये होते तेव्हा
आम्हाला आधी तिसरा भाग मिळाला.
हैदराबादहून येणाऱ्या सीड्यांचा भरवसा नसायचा.
तिसरा, मग पाचवा, मग दिवाळीच्या सुट्टीत पहिला,
त्यावर ओरखडा, पुलावर गेलं की गेम अडकायचा.
दुसरा आलाच नाही.
दुसऱ्यात काय झालं ते मन्मथ बिरादारनं सांगितलं,
त्यालाही कुणीतरी बिदरमध्ये सांगितलेलं.

तरी मी वही केली होती,
दोनशे पानी, मागं पाढे छापलेली.
कोणता राजा कोणत्या साली, कोण कुणाचा सावत्र भाऊ,
फाटक कधी जळालं, कुणी जाळलं.
गणिताच्या वहीपेक्षा नीट.

दरबान पहिल्याच भागात मरतो.
म्हातारा. डावा डोळा नाही.
किल्ली देतो, म्हणतो, मी समुद्र कधी पाहिला नाही,
आणि बाण लागतो.
हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं त्याला मोजदाद नाही,
कारण पुढं पूल अडकायचा
आणि पुन्हा दरबानापासून सुरू.
खलीलभाई गल्ल्यावरून ओरडायचे,
"अरे, मरने दो उसको एक बार में!"

यंदा, सोळा वर्षांनी, शून्यावा भाग आला.
पहिल्याच्याही आधीचा.
दरबान वीस वर्षांचा, दोन्ही डोळे शाबूत,
आणि पहिल्याच दृश्यात गलबताच्या डोलकाठीवर चढून
समुद्राकडं बघत हसतोय.

रात्री साडेअकराला पुण्याहून मन्मथचा फोन.
"बगितलास का? सगळ्या वहीची माती केली की!
समुद्र पाहिला नाही म्हणूलाला होता की म्हातारा!"
हाव, म्हटलं.
"आणि शेवटी डोळा जातो तो उजवा. उजवा!
लिहिणाऱ्यांनी पहिला भाग खेळला तरी होता का बे?"

मी माळ्यावरून वही काढली.
पान एकेचाळीस.
फाटक दोनदा जळालेलं,
एकदा माझ्या अक्षरात, एकदा मन्मथच्या,
मध्ये अकरा वर्षांचं अंतर.
तेव्हा आमच्या लक्षातही आलं नव्हतं.
किंवा आलं असेल आणि आम्ही पान उलटलं असेल,
खलीलभाईंचा तास संपत आला होता म्हणून.

मग समुद्राचं कळलं.
म्हातारा खोटं बोलला होता.
मरताना, अनोळखी पोराच्या हातात किल्ली देताना
त्यानं स्वतःचं आख्खं तरुणपण नाकारलं,
आणि का, ते आता शून्याव्या भागात आहे,
बुडालेल्या गलबतात, त्याच्या बहिणीसोबत.
वाक्य तेच. एक अक्षर बदललं नाही कुणी.
फक्त त्याच्या खाली आता पाणी आहे.

डोळ्याचं मात्र काही करता येत नाही.
डोळा चुकलाच.

शेवटची मोहीम मी खेळलेलो नाही.
ती खेळली की गलबत बुडतं.
महिना झाला, त्याला बंदरावर ठेवलंय,
मासे धरतो, जाळं शिवतो,
कोळिणीशी भावावरून भांडतो.
वर कोपऱ्यात एक बाण लुकलुकतो, इकडं चल म्हणून.
जाईल सावकाश.
कुठं जायचंय ते मला त्याच्या आधीपासून माहीत आहे.

खलीलभाईंकडं आता झेरॉक्स आहे.
मन्मथला पाठवायला पान एकेचाळीस घेऊन गेलो,
मोबाईलवर डोलकाठीवरचा पोरगा दाखवला.
"ये कौन?"
दरबान, म्हटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ परत दिली नाही.
"इसमें भी मरता है?"
नाही. यात नाही मरत.
"हां," म्हणाले, "तो रहने दे थोड़ा."

दोन प्रती काढल्या. पैसे घेतले.
दुसऱ्या प्रतीवर पानाच्या कडेला अंगठा उमटलाय,
काळा, ठळक.
डावा की उजवा, कळत नाही.